कांबळ्याचा वार

बाबा खाणीतून आला तो खोकला घेऊन,
आणि जाताना आईला तो देऊन गेला.
एवढंच सांगते.
बाकीचं मोखोट्लॉन्गच्या डोंगरात कुठल्याही पोराला विचारा,
घरोघरी थोडंफार तेच.

उरलो आम्ही चौघं, सात शेळ्या,
तीन पायांचं लोखंडी भांडं,
आणि बाबाचं कांबळं : निळं, त्यावर मक्याची कणसं विणलेली,
एका कडेला ठिणगीने पाडलेलं भोक.

पहिल्या हिवाळ्यात फार भांडलो.
मोएकेत्सी म्हणायचा, मी मुलगा, मीच मोठा.
मी म्हणायचे, मी तेराची, तू अकराचा, गप्प बस.
खोत्सो काहीच म्हणायचा नाही,
तो तेवढ्यात पीठ चोरून खायचा.
मग एका रात्री, बर्फाने दार अर्धं बुजलेलं असताना,
ठरलं :
ज्याच्या अंगावर कांबळं, तो त्या दिवसापुरता मोठा.
त्याने घाटा वाढायचा, तळाची खरपुडी स्वतः घ्यायची नाही.
त्याने शेण्या मोजून जाळायच्या.
त्याने सगळ्यांच्या शेवटी झोपायचं.
त्याने रडायचं नाही.
बाकीच्यांना मुभा.

मोएकेत्सी कांबळ्यात शिरला की फौजदार व्हायचा,
शेळ्यांनासुद्धा रांगेत उभं करायचा.
खोत्सोच्या वारी मात्र पीठ कधी कमी पडलं नाही.
त्याच्या ताटलीत काय होतं
ते मी फार उशिरा पाहिलं.
माझ्या वारी मी सह्या करायचे :
शाळेचा कागद, दवाखान्याचा कागद,
आईचं नाव, आईसारखंच उजवीकडे कललेलं.
बाईंनी एकदा माझ्या बोटावरची शाई पाहिली,
म्हणाल्या, तुझ्या आईचं अक्षर सुधारलं हं,
आणि कागद कपाटात ठेवून दिला.

दिनेओ पाच वर्षांची.
तिला वार नव्हता. तिने दोन दिवस जेवण सोडलं,
तेव्हा बुधवार दिला.
पहिल्या बुधवारी तिने महिन्याची साखर एका बैठकीत वाटली,
शेळ्या घरात घेतल्या, कारण त्यांना थंडी वाजते,
आणि आम्हाला झोपायला लावून
स्वतः दाराशी राखणीला बसली.
बसल्या बसल्याच झोपली.
तिला उचलून आत आणलं,
पण कांबळं काढून घ्यायला कोणाचा हात पुढे झाला नाही.

जुलैत मोएकेत्सीला ताप भरला. आणि खोकला.
तो आवाज आम्ही तिघंही ओळखत होतो.
कांबळं त्याच्यावर घातलं, म्हणजे नियमाने
तेच तीन दिवस तो मोठा राहिला :
फणफणलेला, एकही हुकूम न देता,
भिंतीकडे तोंड करून रडणारा.
नियम मोडला होता.
कोणी काढला नाही विषय.
चौथ्या दिवशी त्याने खरपुडी मागितली
आणि खोत्सो धावत बाहेर गेला, उगाचच, लाकडं आणायला,
आमच्याकडे लाकडं नसतात.

ऑगस्टमध्ये घोड्यावरून एक माणूस आला,
बगलेत वह्या, मिशीवर दहिवर.
त्याने खोगिरावरूनच विचारलं :
घरात मोठं कोण आहे?
बुधवार होता.
दिनेओ पुढे झाली. कांबळं मागे चिखलात फरफटत होतं.
तो हसला.
मग त्याने आत पाहिलं, बाहेर पाहिलं,
आमच्यामागे कोणी येतंय का याची वाट पाहिली,
आणि घोड्यावरून उतरला.
वय?
पाच, ती म्हणाली. कांबळं घातल्यावर जास्त.
तो बराच वेळ लिहीत होता,
एवढं कमी बोलल्याचं एवढं काय लिहायचं असतं.

तो खिंडीपलीकडे गेल्यावर तिने मला विचारलं,
मी बरोबर सांगितलं ना?
मी म्हटलं, मला काय विचारतेस,
आज मोठी तू.
तिने जरा विचार केला.
मग म्हणाली, भूक लागलीय,
आणि ते जड भांडं दोन्ही हातांनी ओढत विस्तवाकडे नेऊ लागली,
कांबळ्याची कड दातांत धरून,
जाळापासून लांब.