बारा चौकटी

तालिनमध्ये दुपारी साडेतीनलाच अंधारतं.
तळघरात दोन दिवे, टेबलावर मातीचा म्हातारा,
वीतभर. त्याला खुर्चीतून उठवून दारापर्यंत चालवायचं,
एवढाच गृहपाठ.

तावेतनं चालवला. पाऊल, क्लिक. पाऊल, क्लिक.
तीन दिवस, पाठीचा काटा ढिला होईस्तोवर.
पडद्यावर आठ सेकंदांत म्हातारा दारात.

हेल्वेबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"चालतो छान. पण उठला का?"

तावेत गप्प.

"दारावर कुणी थाप दिली? की
दिलीच नाही, म्हणून?"

रात्री त्यानं म्हाताऱ्याला पुन्हा खुर्चीत बसवलं.
आधी फक्त डोळे वळवले, केसभर.
मग मान.
मग काहीच नाही. बारा चौकटी काहीच नाही,
तरी दर चौकटीला क्लिक,
जणू आजाऱ्याचे श्वास मोजतोय.
मग हात गुडघ्यावर. उठता उठता
पुन्हा बसला.

दारापर्यंत गेलाच नाही या खेपेला.

गालावर तावेतच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता,
चौकटीगणिक हलत होता, जरा जरा.
पुसू का, त्यानं विचारलं.

हेल्वेबाई पडद्याकडेच बघत होत्या.
"थांब," म्हणाल्या, "दार वाजेल बहुतेक."