टक्के

ओरुरोच्या वरती, जिथं पाणी लवकर उकळतं
आणि उकळलं तरी बटाटा कच्चाच राहतो,
तिथं सान्ता एल्विरा खाणीच्या दवाखान्यात
माझं काम टक्के मांडायचं.
एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरायचा,
आणि रकान्यात लिहायचं
या माणसाची छाती किती दगड झाली.

चाळीसच्या पुढं गेला तर कंपनी त्याला खाली पाठवत नाही.
पन्नास भरल्याशिवाय पेन्शन देत नाही.
मधल्या दहांत जो सापडला
तो ना खाली, ना वर,
नुसता असतो, चौकात, उन्हाकडं पाठ करून.

लुसिओ तारकी सत्तेचाळीसचा.
तीनच मागत होता.
मी तेव्हा तरुण होते, माझं अक्षर फार सरळ होतं.
म्हटलं, आकड्याला दया नसते.
अकरा महिन्यांनी गेला.
त्याची बायको बाजारात अजून मला हाक मारते,
वजन झाल्यावर वर एक बटाटा टाकते.
तो वरचा बटाटा
मला कधी शिजवता आला नाही.

आणि आज हा फेर्मिन आयाविरी.
गालात कोकाची पानं, खिशात एकच सिगारेट,
तीही स्वतःसाठी नाही,
बोगद्यातल्या शिंगवाल्या मातीच्या काकासाठी.
मोजले. चव्वेचाळीस.
मला वाटलं सहा मागेल.
सहाची तयारी मी रात्रीच केली होती,
इतकी वर्षं लुसिओच्या तीनांवर व्याज चढत होतं.

तो म्हणाला,
एकोणचाळीस लिहा, दोक्तोरा.
योव्हानाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे.
आठ महिने. मग तुम्हाला हवे तेवढे टक्के लावा.

छाती त्याची, ठोकणारी मी,
तरी छाती ठोकून काही सांगता येईना.
खोटं लिहायला मी तयार होते,
पण वरच्या दिशेनं.
खालच्या दिशेचं खोटं कुठल्या हातानं लिहायचं?

मी बोलू लागले: धूळ, डाग, ऑक्सिजन.
त्यानं हात पुढं केला.
द्या ते. मलाही ऐकू दे.

तेवीस वर्षांत कुणी मागितला नव्हता.
मी स्टेथोस्कोप त्याच्या कानात घातला,
दुसरं टोक त्याच्याच बरगडीवर धरून उभी राहिले
जशी आई मुलाच्या हातात हात धरून पाटीवर गिरवून घेते.
तो ऐकत राहिला. पानं चघळायचा थांबला.

ओळखीचा आहे, म्हणाला.
छताचे लाकडी टेकू मोडायच्या आधी असेच करकरतात.
हा आवाज आला की आम्ही दिवे तिथंच टाकून पळतो.

मग? मी विचारलं.
मग काय. मोजतो बाहेर येऊन.
एखादा आतच असतो नेहमी.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
स्टोव्हवर केटली आपली उकळत होती, लवकर.
त्यानं स्टेथोस्कोप नीट गुंडाळून टेबलावर ठेवला,
हत्यार ठेवावं तसा, मूठ माझ्याकडं करून.
कोट घालताना विचारलं,
तुमच्याकडनं हा आकडा आधी कुणाकडं जातो?
कंपनीकडं.
माझ्याकडं का नाही?

याचं उत्तर मला शिकवलेलं नव्हतं.
मी चव्वेचाळीस लिहिलं. सही केली.
पाकीट न चिकटवता त्याच्या हातात दिलं.
म्हटलं, घरी ने. योव्हानाला वाचू दे,
ती शिकतेय ना हेच.

शुक्रवारी कंपनीची जीप आली.
ड्रायव्हरनं यादी काढली, बोटानं नाव दाबलं.
आयाविरीचा कागद?
पेशंट विचार करतोय, मी म्हटलं.
त्यानं कोरा फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला,
मग उलटा करून.
विचाराचा रकाना यात नाही, म्हणाला,
मुद्दाम नाही, खरंच शोधून.

तो गेल्यावर मी खिडकी उघडली.
धूळ आत आली. मीही खोकले.