अकरा तिकिटं

त्या रात्री अकरा तिकिटं फाडली मी.
बारावी मी स्वतः,
पण कामावरच्या बाईला तिकीट लागत नाही.

मँगनीजच्या खाणींचं आमचं गाव.
नदी इथे काळीच वाहते,
दोरीवरचे कपडे वाळता वाळता मळतात,
आणि डोंगर चढणारे लोखंडी पाळणे
कधीपासून अधांतरीच लटकलेत.
त्बिलिसीहून बसनं चित्रपट येतो,
टोमॅटोच्या खोक्यांशेजारी बसून.

नगरपालिकेचा झाझा म्हणाला होता,
"झुझुना, कशाला आणता ही रडकी चित्रं?
लोकांच्या घरी काय कमी आहे?
एखादं लग्न दाखवा. नाच दाखवा.
शेवटी सगळे एका टेबलाशी बसलेले दाखवा."
मी मान डोलावली.
पगार त्याच्या सहीनं होतो.

त्या आठवड्यात पडद्यावर एक माणूस होता.
मेलेल्या मित्राचं पेन्शन
त्याच्या बायकोला न देता
चार वर्षं गुपचूप खाणारा.
दर महिन्याला तिच्याकडे जायचा,
तिची शेगडी दुरुस्त करायचा,
निघताना ती त्याला अक्रोड बांधून द्यायची.
कोणी पकडलं नाही त्याला.
वीजही कोसळली नाही.
शेवटी तो नुसता अक्रोड फोडत बसलेला.
एक किडका निघाला,
तो त्यानं बाजूला ठेवला
आणि पुढचा घेतला.
बस्स. दिवे लागले.

दहा जण उठले.
पैसे वाया, असं कोणीतरी म्हणालं.
शाळेतली नानुली बाई तर दारापर्यंत शिव्या देत गेली,
जणू तो माणूस तिच्यापुढेच जिना उतरत होता.

ओतिया उठला नाही.

ओतियाबद्दल गावात कोणी बोलत नाही,
म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.
त्या अंधाऱ्या हिवाळ्यात,
पावाच्या रांगा पहाटे तीनला लागायच्या तेव्हा,
इस्पितळाकडे जाणारी तांब्याची तार
एका रात्रीत खांबांवरून उतरली
आणि किलोच्या भावानं विकली गेली.
त्या आठवड्यात खाटांवर कोण कोण होतं
ते मोजणारे अजून मोजतात.
बाजारात त्याला वाट देतात,
पण नमस्कार देत नाहीत.

शूरांचे चित्रपट खूप पाहिले असतील त्यानं.
त्यात त्याला जागा कुठली?
खलनायकाचीसुद्धा नाही.
खलनायक हसतो.
ओतिया हसत नव्हता त्या रात्री,
हात कापत होते त्याचे,
पक्कड दोनदा बर्फात पडली.

हे मला कसं ठाऊक, विचाराल.
कंदील धरायला कोणीतरी लागतंच.

अर्धं पोतं पीठ आमच्या घरी आलं.
पाव छान फुगला होता.
मेलं तेवढंच विसरता येत नाही.

"नंतर सांगितलं का त्यानं तिला?"
ओतियानं विचारलं.
"संपला चित्रपट," मी म्हटलं.
"ते दिसलं मला. त्यानंतर?"

माझ्या हातात केरसुणी होती.
ती भिंतीला टेकवली
आणि मध्ये एक खुर्ची सोडून बसले.
पडदा पांढरा. खालच्या कोपऱ्यात ठिगळ,
मीच शिवलेलं, जरा वाकडं.
आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो.

झाझा, तुझ्या त्या टेबलावर
वाइन असेल, कोकरू असेल, मेणबत्त्याही असतील,
पण तिथे आम्हाला कोणी बोलावत नाही रे.
उजळ माथ्याची माणसं बसतात तिथे.
हा अक्रोडवाला मात्र
आम्हाला पाहून जरासा सरकतो.
माफ करत नाही. त्याला तो अधिकारच नाही.
फक्त सरकतो.

"उद्या आहे?"
"आहे. सहाला."
खिशातून त्यानं लारी काढले, मोजले,
दोन तिकिटांचे.

कामावरच्या बाईला तिकीट लागत नाही,
हे ओतियाला चांगलं ठाऊक आहे.
मी दोन फाडली.