दोन पांढऱ्या वायरी

इनासच्या व्हॅनमध्ये, स्पीडच्या काट्याशेजारी,
काळ्या टेपचा एक चौकोन.
"हे कोण चिकटवलं?"
"बेळगावच्या मेस्त्रीनं. दिवा बघून डोकं फिरतंय म्हणालो,
तर म्हणाला, बघू नको."

नखानं टेप खरवडली.
खाली दिवा पिवळाधमक, जागाच.
आठ हजारांचा नवा सेन्सर घालून दोन महिने झालेले
आणि स्कॅनरवर तोच जुना कोड: एकशे पस्तीस,
ऑक्सिजन सेन्सरचा हीटर.

इनास पाववाला. पहाटे चारला खानापूर सोडतो,
गुंजी, लोंढा, प्रत्येक दुकानापुढं एंजिन बंद, परत चालू.
म्हणून विचारलं,
भट्टी तापायच्या आधी पाव आत घालतोस काय रे?
"घालतोय कसं!"
मग हा पण तसाच. थंड असला की त्याला वास कळत नाही.
धुरात हवा उरली किती, ते सांगायला
आधी स्वतः तापावं लागतं.
धूर तापवेल तेव्हा तापवेल, तोवर कोण थांबणार,
म्हणून त्याच्या पोटात एक बारका हीटर.
तो गप्प झाला की कॉम्प्युटर अंदाजपंचे पेट्रोल ओततो,
पोट भरलं काय, न विचारता वाढणाऱ्या मावशीसारखा.

चार वायरी. काळी बोलते, करडी तिला टेकू देते.
दोन पांढऱ्या फक्त ऊब आणायला.
त्यातली प्लस कुठली, मायनस कुठली, हीटरला पडलेली नाही.
उलट्या जोडल्या तरी तेवढाच तापतो.
(माझ्या गॅरेजच्या बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी.
रंगवणाऱ्यानं दोन्ही ओळींचे सारखेच पैसे घेतले.)

मीटर ओमवर. दोन पांढऱ्यांच्या मध्ये सहा.
म्हणजे हीटर शाबूत.
चावी फिरवली, कनेक्टरच्या पलीकडच्या बाजूला टोक लावलं.
बारा पाहिजेत.
शून्य.
फ्यूज उडालेला. दहाचा नवा घातला, कोड पुसला, दिवा गेला.
इनास हसला.
मी हसलो नाही. फ्यूज उगाच मरत नाही.
रेल्वे फाटकापर्यंत गेलो, रुळांवर व्हॅन धाडदिशी आदळली,
आणि दिवा परत हजर.

मग निंगाप्पा खाली शिरला, पुठ्ठ्यावर पाठ टेकून,
दातात बॅटरी.
बराच वेळ नुसते पाय दिसत होते.
मग खालून आवाज, "सुट्टैति नोड्री!"
"काय सुटलं?" इनास वाकला.
"सुट्टैति," निंगाप्पा परत, जरा चिडून.
"अरे पण काय सुटलंय ते सांग की!"

हिरेबागेवाडीचा पोरगा जळलं म्हणत होता,
खानापूरचा पाववाला सुटलं ऐकत होता,
मी दोघांच्या मध्ये पान्हा धरून उभा.
भाषांतर करायला तोंड उघडलं
आणि आधी म्हटलं, आपण बघून घेऊ.

क्लिप सुटली होती. कधीची, कुठल्या खड्ड्यात, देव जाणे.
वायर लोंबून धुराच्या पाइपवर टेकलेली,
पांढरं कातडं वितळून तांबं उघडं,
पत्र्याला शिवलं की फ्यूज खल्लास.
सुटलं होतं. जळलं होतं.
दोघंही बरोबर, आणि दोघंही अजून भांडत.

वीतभर वायर, दोन सोल्डर, काचेच्या धाग्याची नळी,
भंगारातली एक क्लिप.
दोनशे चाळीस रुपये झाले म्हटलं.
"एवढंच?" इनासचा चेहरा पडला.
आठ हजार त्याला आता कुठं दुखायला लागले.

सीटखालून त्यानं पावाच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.
जुना सेन्सर. टाकवला नव्हता.
"हे पण बघ एकदा."
नको म्हणालो. तो हात पुढं करून उभाच.

दोन पांढऱ्या. मीटर लावला.
सहा.