खटका

दोन वर्षं आम्ही एका आवाजाच्या मागे होतो.
एवढासाच. नखाने नख उडवावं, तेवढा.
सुरक्षेचा खटका पुढे सरकवताना
पोलादाला पोलाद टेकतं, तेव्हाचा.

मी औती केम्पाइनेन. कायानीच्या पलीकडल्या कारखान्यात
दस्ते आणि खटके बघते.
नळ्यांचं काम वेगळ्या शेडमध्ये,
तिथली माणसं आमच्याहूनही कमी बोलतात.

बाकीचं तसं लवकर ठरलं.
नळी एक्कावन्न सेंटिमीटर, तोंडाशी आटे,
कारण आवाज गिळणारं नळकांडं इथे सगळेच लावतात
आणि लांब नळी गाडीच्या दारात अडते.
बोल्टची मूठ अशी, की उणे वीसमध्ये
लोकरी हातमोज्यातून चाचपडताना
पहिल्या झटक्यात सापडावी.
चापाभोवतीची कडी रुंद.

लाकडावरून मात्र आठवडाभर जुंपली.
विक्रीखात्यातल्या यार्कोला अक्रोड हवा होता,
"फोटोत ऊब दिसते," म्हणाला.
मी अक्रोडाचा दस्ता अंगणात पावसात ठेवला.
चौथ्या दिवशी फुगून नळीला भिडला,
नेम चार बोटं डावीकडे.
मग बर्चचे पापुद्रे, एकावर एक डकवलेले, राखाडी.
"शवपेटीचा रंग," यार्को म्हणाला.
तोच राहिला.

गालाखालची पट्टी बोटाने वरखाली होते, पाना लागत नाही.
हे माझं.
आमच्या घरी रायफल एकच होती, वडिलांच्या मापाची.
आई दर ऑक्टोबरात
गालावर निळा डाग घेऊन कामावर जायची
आणि टपाल कचेरीतल्या बायका
वडिलांशी बोलेनाशा व्हायच्या.

उरला खटका.
रबर लावून पाहिलं, थंडीत त्याचा दगड झाला.
नायलॉन झिजलं.
शेवटी स्प्रिंग बदलली, खाच तिरपी केली,
आणि फेब्रुवारीतल्या एका रात्री
मी खटका सरकवला, काहीच ऐकू आलं नाही.
पुन्हा सरकवला.
आम्ही केक कापला.

चाचणीला आइमो तोलोनेन आला,
साठ हंगाम जंगलात काढलेला म्हातारा.
त्याने दहादा खटका मागेपुढे केला, कानाशी धरून,
बंद पडलेलं घड्याळ धरावं तसा.
"आवाज कुठाय?"
"काढला. मूसला ऐकू जायचा."
त्याने रायफल टेबलावर ठेवली. कॉफी ओतून घेतली,
अर्धी प्यायला.
"मूसचं कोण बोलतंय?
मला ऐकू यायचा."
बैठकीच्या टिपणात हे कुणी उतरवलं नाही.
मीच लिहीत होते.

ऑगस्टात रायफल बाजारात आली.
पान सातवर ठळक अक्षरांत: संपूर्ण निःशब्द.
परीक्षण करणाऱ्याने लिहिलं,
हिच्यात खटकावं असं काही नाही.
मी ते कात्रण फ्रिजवर लावलं.

ऑक्टोबर. दलदलीवर धुकं,
फळ्यांच्या वाटेवर रात्रीचं हिंव.
गोळी आत, कुत्रा पुढे, आई मागे.
एके ठिकाणी फळी मोडलेली होती,
मी वळून आईला हात दिला.
रायफल खांद्याला.
नळी कुठे होती, आता सांगता येत नाही.

सत्तर मीटरांवर मूस,
वाळुंजाची डहाळी ओरबाडत उभा.
मी गाल पट्टीवर टेकवला. चपखल.
अंगठ्याने खटका पुढे ढकलला.
ढकलला का?
काही कळलं नाही.
मान वाकवून पाहावं लागलं.
लाल ठिपका उघडा.

आत्ता उघडला,
की फळ्यांवर,
की गाडीतून उतरताना हातमोजा घासला तेव्हापासून,

मी श्वास धरून तो ठिपका बघत राहिले.
माझ्यामागे, दोन पावलांवर,
आईने थर्मासचं झाकण उघडलं.
टक्.

मूसने मान वर केली.