ळ

तुम्ही विचारताय म्हणून सांगते,
शताब्दीच्या स्मरणिकेत छापा, नाहीतर राहू द्या.

उकिडवे जांभळ्या शाईनेच लिहायचे, हे खरं.
पण त्यात कसली आलीय साधना?
लक्ष्मी रोडवर ती बाटली कुणी घेईना,
म्हणून दोन आण्यांनी स्वस्त मिळायची.
उभ्यानं लिहायचे म्हणे. ते मी पाहिलं नाही.
आमच्या छापखान्यात मात्र कायम उभे,
कारण खुर्ची एकच, आणि तिच्यावर मालक.

नारायण पेठेत, मोदी गणपतीमागच्या बोळात
विद्युल्लता छापखाना. आबा तिथे जुळारी.
पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची.
पाणी ओसरलं आणि खिळ्यांच्या घराघरांत चिखल,
क च्या घरात न,
अनुस्वार तर कुठेच नाहीत.
पोरांना कामाला लावलं,
एकेकाला एकेक अक्षर धुवायला.
मधूला र आला. मला ळ.

हौदाच्या काठावर बसले होते.
पहिला हातातून निसटला, खरंच निसटला.
डुब.
दुसरा मी सोडला,
आवाज तोच येतो का बघायला.
तिसरा जरा उंचावरून.
मग काही मोजलं नाही.

दिवे लागायच्या वेळी परातीत सात उरले.
आबांनी ते बोटानं सरकवून पाहिले,
मग माझी कोपरापर्यंत ओली बाही पाहिली,
आणि मालकांना म्हणाले, पुरात गेले.

त्या वर्षी पुण्यात जे सापडत नव्हतं
ते सगळं पुरातच गेलं होतं.
सावकाराच्या वह्या, कुणाची वचनं,
आणि एका मास्तरांची बी.ए.ची पदवी,
जी पुराआधीही कुणी पाहिली नव्हती.

नवे खिळे घ्यायला पैसा नाही,
आणि उकिडव्यांची कादंबरी दिवाळीच्या आत हवी.
पानाला सात ळ. आठवा आला
की मधू सदाशिव पेठेत पळायचा,
साहेब, शब्द बदला.

सकाळची पहाट झाली. काळोखाचा अंधार.
डोळे जाऊन नजर आली.
पुढे समीक्षकांनी लिहिलं, काय ही संयत शैली,
एकही शब्द सैल नाही!
सैल कुठून असणार, सात खिळ्यांत?

नायिका मंजुळा होती.
एका पानात अकरा वेळा यायची बिचारी.
उकिडवे स्वतः आले, सायकल भिंतीला टेकवून,
तापलेले. बराच वेळ रिकाम्या घराकडे बघत राहिले.
मग म्हणाले, मंजिरी करा.
नंतर एका भाषणात सांगितलं,
हे नाव मला पर्वतीच्या पायऱ्यांवर सुचलं.

पहिला फर्मा मात्र पुराआधीच छापलेला,
माळ्यावर होता म्हणून कोरडा राहिला.
त्यात ती एकदाच आलीय, पान बारा,
दारात उभी राहून पाणी मागते. मंजुळा.
तिच्यावर प्रबंध आहे, चारशे पानांचा.
ती मंजिरीचं हरवलेलं बालपण आहे, असं सिद्ध केलंय.
मी वाचला. चांगला लिहिलाय.

आता हे कुणाला सांगितलं नाही अजून.
शेवटच्या पानावर तो तिला म्हणतो ना,
इकडे ये.
लोक लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा घालतात ते वाक्य.
हस्तलिखितात होतं, जवळ ये.
तो आठवा ळ होता.
रात्र झालेली, मधू झोपलेला,
आबांनी न विचारता बदलला,
आयुष्यात एकदाच.

उकिडव्यांनी प्रूफ पाहिलं.
त्या ओळीवर थांबले. जांभळी निब
कागदापासून बोटभर वर धरून
इतका वेळ, की शाईचा थेंब पडला समासात.
खूण केली नाही.

हौद बुजवला. वर आता पार्किंग आहे,
तिथेच लावली असेल तुम्ही गाडी.
चहा घ्याल? दूध संपलंय,
कोरा चालेल का?