चौथा झोन

धायरीच्या सोसायटीत पहाटे सव्वापाच.
सिंहगड रोड अजून जागा व्हायचाय.
कंट्रोलर म्हणतो, चार नंबर चालू.
चार नंबरची हिरवळ कोरडी ठाक,
पोकळेकाका नळी धरून उभे:
"मशीन थापा मारतंय, मॅडम."

थापा कसल्या. चोवीस व्होल्ट पाठवले
की संपलं त्याचं काम.
पोचले का, ते कोण विचारतंय.

मी मीटर लावते. कॉमन आणि चार.
पडद्यावर डावीकडे एकटा एक.
म्हणजे वाट तुटलीय.

व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गाळ, गोगलगायी,
एक वैतागलेला बेडूक.
कॉइल सोडवून मोजली: सव्वीस ओहम, ठणठणीत.
जोडावरची टेप सोलली, तांबं अजून लाल.
दोष मग मधेच कुठेतरी,
चाळीस पावलांत, मातीखाली.

अनंताच्या झुडपापाशी माती मऊ लागली.
वर शहाबादी फरशीचा तुकडा,
खडूची अक्षरं निम्मी पुसलेली:
भजी. मांजर. वय तीन.
कडेलाच वायर, खुरप्याने सरळ कापलेली.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "सी विंगची पोरं.
खुरपं मीच दिलं होतं."

फरशी होती तशी ठेवली.
नवी वायर बाहेरून वळवून नेली,
जोडांना ग्रीस, वर टोप्या.
बिलात लिहिलं: वायर, दीड मीटर.
सरळ गेले असते तर अर्ध्यात भागलं असतं.

चार दाबलं. खट्.
पहिला फवारा काकांच्या चपलांवर.
"पाच नंबरपण जरा हळूच चालतंय," ते म्हणाले,
"आलाच आहात तर…"